रश्शात काय आहे, ते सांगा

सुरतेतून हजिऱ्याकडे निघालं की तापीच्या उजव्या तीरावरची रांदेर-अडाजणची दाट वस्ती मागे पडते आणि इच्छापोर लागतं. जुनं गाव, औद्योगिक वसाहत, हिरे-दागिन्यांचं पार्क आणि हजिऱ्याच्या कारखान्यांकडे धावणारे ट्रक, असा हा पट्टा. इथे जपानी-कोरियन जेवणाचं साधं, खिशाला परवडणारं उपाहारगृह कसं असावं, हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही.

कारण जपान आणि कोरिया या पट्ट्यात आधीच येऊन पोचले आहेत. एस्सार स्टीलचा हजिऱ्याचा पोलाद कारखाना डिसेंबर २०१९मध्ये आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टील यांनी मिळून घेतला. त्यात जपानी कंपनीचा वाटा ४० टक्के. त्याच वर्षीच्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा संकुलात चिलखती वाहनांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथे ‘के-९ वज्र’ ही रणगाड्यासारखी स्वतः धावणारी तोफ बांधली जाते आणि तिचं मूळ तंत्रज्ञान दक्षिण कोरियाच्या हान्व्हा कंपनीचं आहे. पहिल्या १०० तोफा २०२१पर्यंत लष्कराकडे गेल्या. डिसेंबर २०२४मध्ये आणखी तोफांसाठी ७,६२८ कोटी रुपयांचा करार झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग जपानी कर्जावर आणि शिंकान्सेनच्या तंत्रावर उभा राहतो आहे. त्याचं सुरतचं स्थानक अंत्रोलीला आहे.

तरीही रामेन आणि किमची सुरतच्या मुलांपर्यंत कारखान्यांच्या वाटेने आली नाहीत. ती मोबाइलच्या पडद्यावरून आली. बीटीएसची गाणी, २०२०मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’, २०२१चा ‘स्क्विड गेम’ आणि रोज रात्री बघितल्या जाणाऱ्या कोरियन मालिका. त्यांत दर दुसऱ्या प्रसंगात कुणी ना कुणी वाफाळत्या भांड्यातून नूडल्स उचलत असतं. मग किराणा दुकानात सामयांग कंपनीच्या बुलडाक नूडल्सचं काळं पाकीट दिसायला लागलं आणि हळूहळू कॅफेच्या मेन्यूवर रामेन, सुशी, टोकबोकी आणि कोरियन बन आले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारहून येऊन स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांची तिसरी पिढी आता वाढते आहे. घरी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, मित्रांबरोबर बाहेर रामेन, यात तिला काही विसंगत वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

अडचण सुरू होते ती टेबलावर, तीन पिढ्या एकत्र बसल्या की. मेन्यूवर ‘व्हेज रामेन’ लिहिलेलं असतं. आजी विचारते, रस्सा कशाचा आहे? वेटर आत जाऊन येतो आणि सांगतो, ‘व्हेजच आहे.’ इतक्या उत्तरावर जेवण मागवावं लागणं हे गिऱ्हाइकावर अन्याय करणारं आहे. जनगणना आयुक्तांच्या कार्यालयाने २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत १५ वर्षांवरच्या लोकांच्या आहाराची माहिती घेतली होती. तीत गुजरातमधले सुमारे ६१ टक्के लोक शाकाहारी निघाले, महाराष्ट्रातले सुमारे ४०. म्हणजे सुरतच्या कुठल्याही टेबलावर हा प्रश्न येणारच, आणि नेमकं याच दोन देशांच्या स्वयंपाकात त्याचं उत्तर डोळ्यांना दिसत नाही.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ, स्वच्छ दिसणारं पाणी. ते बहुतेक वेळा काँबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवलेला मासा, यांपासून बनतं. मिसो सूप, सोबा नूडल्स बुडवून खायचा रस्सा, वांग्याची भाजी, अंड्याची घडी, सगळ्यांत ते असतं आणि माशाचा तुकडा कुठेच दिसत नाही. तोंकोत्सु रामेनचा दुधाळ रस्सा डुकराच्या हाडांचा. कोरियाकडे वळलं तर किमची बघताना पत्ताकोबी आणि लाल तिखट एवढंच दिसतं, पण बहुतेक घरांत तिच्यात फिश सॉस किंवा सेउजोत, म्हणजे खारवलेली बारीक कोळंबी, घातलेली असते. ही कोळंबी आणि कोकणातला जवळा एकाच ॲसेटिस प्रजातीतले. मालवण-अलिबागच्या माणसाला ही चव अनोळखी वाटणार नाही. पण किमची ही ‘कोबीचं लोणचं’ म्हणून जैन किंवा वारकरी घरातल्या माणसापुढे ठेवणं ही उघड फसवणूक आहे, मग ती अज्ञानातून झालेली असली तरी.

ही अडचण इथल्यापुरती नाही. तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये तिथल्याच वॉर्ड सभेवर निवडून आले. तिथल्या शाकाहारी मराठी घरांना दुकानातल्या प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकावं लागतं, कारण बटाट्याच्या चिप्समध्येसुद्धा माशाचा किंवा कोंबडीचा अर्क असू शकतो. जपानच्या कायद्याने अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा अशा ॲलर्जीच्या काही पदार्थांची नोंद सक्तीची केली आहे. मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. तोक्योत हे समजून घेता येतं, तिथला बहुसंख्य ग्राहक मासे खाणारा आहे. सुरतेत तशी सबब चालणार नाही.

या पेचातून इथल्या उपाहारगृहांनी काढलेली वाट सोपी आहे: मासा काढायचा, पनीर घालायचं. सुशीत पनीर आणि मेयोनीज, टोकबोकीवर चीजचा थर, रामेनमध्ये सोया सॉस आणि मक्याच्या पिठाने घट्ट केलेलं, चायनीजच्या गाडीवर मिळतं तसं सूप. मुंबईत क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वाँग यांनी १९७५मध्ये चिकन मंचुरियन केलं आणि त्यातून देशभर एक अख्खी पाकशाखा उभी राहिली, हा दाखला अशा वेळी दिला जातो. दाखला खरा आहे. पण मंचुरियनने स्वतःला कधी चीनचं जेवण म्हणून अभ्यासपूर्वक सादर केलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे आले-लसूण-हिरवी मिरचीच्या फोडणीने त्याला स्वतःची ठाम चव होती. पनीर सुशीला तशी चव नाही. थंड भात, थंड पनीर आणि गोड मेयोनीज यांचा घास कुणाच्याच परंपरेत चांगला लागत नाही.

आणि या बदलाची गरजच नव्हती. जपान आणि कोरिया, दोघांकडे शेकडो वर्षं जोपासलेला, पूर्ण शाकाहारी स्वयंपाक आहे. सम्राट तेन्मूने इ.स. ६७५मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली. पुढे बंदीची धार कमी-जास्त होत राहिली, तरी सम्राट मेइजीने १८७२मध्ये जाहीरपणे गोमांस खाल्लं तेव्हा ती मोठी बातमी ठरावी इतका तो संकेत रुजलेला होता. बौद्ध मठांनी या काळात शोजिन र्‍योरी नावाचा आहार घडवला. झेन गुरू दोगेन यांनी १२३७मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथच लिहिला: तांदूळ कसा निवडावा, भाजी हलकी असो की भारी तिला सारखंच जपावं, आचाऱ्याचं मन कुठे असावं. कोया पर्वतावरच्या मठांत आजही यात्रेकरूंना हे जेवण मिळतं. त्याची दाशी काँबू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची असते. मासा नाही, आणि चवीत उणीवही नाही. काँबूमधली जी चव तोक्योच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये प्रयोगशाळेत वेगळी काढली, तिलाच पुढे उमामी म्हटलं गेलं. म्हणजे जगाने जपानी चव म्हणून जी ओळखली, ती सापडली शेवाळात.

कोरियातही तसंच आहे. बेकयांगसा मठाशी जोडलेल्या भिक्षुणी जोंग क्वान यांच्या स्वयंपाकावर ‘शेफ्स टेबल’ या मालिकेचा २०१७मधला एक भाग आहे, त्यामुळे जगभरच्या आचाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलं. या मठातल्या किमचीत कोळंबी नसते, फिश सॉस नसतो आणि लसूणही नसतो. मीठ, तिखट, आलं, नाशपाती आणि जुना सोया सॉस यांवर ती आंबते. बौद्ध नियमाने पाच उग्र वनस्पती वर्ज्य आहेत, त्यांत लसूण आणि कांद्याच्या जातीच्या पाती येतात. पाचवी आहे हिंग. सुरतच्या अनेक जैन घरांत कांदा-लसूण नसतो, आणि त्यांच्याऐवजी हिंगाची फोडणी असते. तिकडे हिंगही नाही. म्हणजे कांदा-लसणाशिवाय खोल चव कशी आणायची, या प्रश्नावर इथल्यापेक्षाही कडक नियमात राहून कोरियन भिक्षुणींनी काम केलेलं आहे. ते आयतं उपलब्ध असताना सुरतचं स्वयंपाकघर चीजकडे का वळतं, हे समजत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मठातलं जेवण म्हणजे जैन जेवण नव्हे. त्यात मुळा, बटाटा, कमळकाकडी, आलं, अळंबी सर्रास येतात. आंबवून महिनोन्महिने ठेवलेले पदार्थ येतात. नियम पाळणाऱ्या जैन कुटुंबाला यातलं बरंच चालणार नाही. तेव्हा ‘जैन रामेन’ असं ठळक अक्षरांत छापून सगळ्यांना बोलावण्यापेक्षा त्यांच्यासाठी तीन-चारच पदार्थ ठेवावेत, पण ते निर्वेध असावेत. काकडीची सुशी हा जपानमधलाच नेहमीचा प्रकार आहे. थंड सोबा काँबूच्या, सोया नसलेल्या रश्शात बुडवून खायला देता येतो. भाज्यांचा तेम्पुरा तर सुरतेत हमखास चालेल. तापीच्या पलीकडे असलेलं डुमस टोमॅटोच्या भज्यांसाठी प्रसिद्ध आहे. ती भजी खाणाऱ्याला तेम्पुरा समजावून सांगावा लागणार नाही. फक्त पीठ बर्फाच्या पाण्यात, गुठळ्या राहू देऊन, जेमतेम ढवळायचं.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की या दोन देशांचे लोकप्रिय पदार्थ स्वतःच नवे आणि मिश्र आहेत. तेम्पुराची पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. रामेन चिनी आचाऱ्यांकडून आलं. तोक्योच्या आसाकुसा भागातलं रायराइकेन हे रामेनचं दुकान १९१०मध्ये सुरू झालं. तोक्योच्याच शिंजुकूमध्ये नाकामुराया या दुकानाने १९२७मध्ये जी भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली, तिच्यामागे क्रांतिकारक रासबिहारी बोस होते. मिरची कोरियात पोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे किमची लाल झाली ती त्यानंतर. हीच मिरची पोर्तुगिजांनी गोव्यात उतरवली होती आणि आज नंदुरबार तिच्या देशातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. ताप्ती व्हॅली रेल्वेमार्गावर सुरत आणि जळगाव यांच्या मधोमध. त्यामुळे कोरियाहून आणलेलं गोचुगारू हे तिखट महाग पडत असेल, तर बी काढलेली, कमी तिखट, गडद रंगाची मिरची जाडसर दळून बघायला काय हरकत आहे? सुशीचा भात चिकट लागतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर चिकटतोच. थोडा नवा, नीट निवडलेला इंद्रायणी घेऊन, पाणी मोजून, व्हिनेगर आणि साखर लावून साध्या सुशीचा भात जमवता येईल. असा बदल माणसाने छातीठोकपणे मेन्यूवर लिहावा.

परका पदार्थ इथला कसा होतो, याचा धडा तर इच्छापोरच्या शेजारी, रांदेरमध्येच आहे. रांदेरचे वोहरा व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून रंगूनला जाऊन-येऊन होते. रंगूनमधली सुरती मशीद आणि सुरती बडा बाजार ही त्यांचीच खूण. ते परतताना नारळाच्या दुधातल्या नूडल्स घेऊन आले. आज सुरतेत त्याला खावसा म्हणतात. कुणी मांसाचा करतं, कुणी शाकाहारी. वर तळलेल्या कुरकुरीत शेवया, लसणाचं पाणी, तिखट, लिंबू. त्याला कुणी बर्मी जेवण म्हणून विकत नाही आणि त्याची मूळ ओळख कुणी लपवतही नाही. हे एका मेन्यूत किंवा एका मोसमात घडलं नाही. घरांतून घडलं, बायकांच्या हातून घडलं, रमजानच्या रात्री खाता-खाता घडलं.

मग कोरियन-जपानी उपाहारगृहाचा नमुना कोणता धरायचा? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४मध्ये उघडलेल्या ‘वसाबी बाय मोरिमोतो’चा नक्कीच नाही. तिथे विमानाने आलेला मासा, प्रशिक्षित सुशी आचारी आणि त्याप्रमाणे बिल. इच्छापोरला नमुना घ्यायचा तर कोरियातल्या ‘बुन्सिक’ दुकानाचा घ्यावा. १९६०-७०च्या दशकांत कोरियात तांदळाची टंचाई होती, अमेरिकी मदतीचा गहू येत होता आणि सरकार लोकांना पिठाचे पदार्थ खा म्हणून सांगत होतं. त्यातून शाळा-कॉलेजांच्या आसपास अशी छोटी दुकानं वाढली: नूडल्स, टोकबोकी, किंबाप, डंपलिंग; बसायला चार बाकं, पटकन खा आणि निघा. किंबाप म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताची वळकटी, तिच्यात पालक, गाजर, पिवळा मुळा आणि तिळाचं तेल असतं. मांस किंवा मासा नसला तरी तो पूर्ण पदार्थ राहतो. पाळी संपवून निघालेल्या कामगाराला आणि क्लास सुटलेल्या मुलीला परवडेल असं हे जेवण आहे.

गुजरातमधल्या दारूबंदीमुळेही हाच नमुना योग्य ठरतो. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा गुजरातने पुढे चालू ठेवला. गिफ्ट सिटीला २०२३च्या अखेरीस सवलत मिळाली, सुरतला नाही. जपानी इझाकाया आणि कोरियातली रात्रीची पोजांगमाचा हातगाडी, दोन्ही साके आणि सोजूभोवती उभ्या आहेत. त्या इथे येणार नाहीत. स्वयंपाकातल्या मिरीनमध्येही १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, त्याच्याऐवजी साखर आणि व्हिनेगर वापरावं लागेल. पण म्हणून काही बिघडत नाही. आजी, आई आणि नात एका टेबलावर बसू शकतील अशी जागा तयार होते, आणि असे ग्राहक महिन्यातून दोनदा येतात.

कच्च्या माशाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. कच्चा मासा देताना त्यातले परजीवी मरावेत म्हणून तो उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवावा, असं अमेरिकेच्या खाद्य आणि औषध प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. घरगुती फ्रीजरमध्ये हे तापमान टिकत नाही. शिवाय जिथे मासा मागणारे मोजकेच आहेत, तिथे आणलेला सामन चार-चार दिवस पडून राहतो. सुरतच्या मे महिन्यात, वीज जा-ये करत असताना, छोट्या स्वयंपाकघराने ही जोखीम घेऊच नये. मासा द्यायचाच तर शिजवून द्यावा.

वाढण्याच्या पद्धतीतही एक मोठी चूक रूढ झाली आहे. कोरियात बानचान, म्हणजे किमची, पालक, मोड आलेली कडधान्यं, मुळा अशा छोट्या वाट्या, जेवणाबरोबर येतात आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात. त्याचे पैसे वेगळे लागत नाहीत. भारतात त्याच किमचीच्या चार तुकड्यांची ‘स्टार्टर’ म्हणून स्वतंत्र किंमत लावली जाते. गुजराती थाळीत वाढप्याने तिसऱ्यांदा भाजी आणून आग्रह करायची रीत आहे. ज्या शहराला पुन्हा-पुन्हा वाढणं इतकं ठाऊक आहे, तिथे बानचान मोजून देणं म्हणजे त्या जेवणाचा आत्माच काढून घेणं. कोबी, पालक आणि मूग काही महाग नाहीत. आणि काड्यांनी खाता येत नाही म्हणून कुणी संकोचू नये: कोरियन लोक भात चमच्यानेच खातात, आणि सुशी हाताने उचलून खाणं जपानमध्ये पूर्णपणे शिष्टसंमत आहे. वेटरने हे आजीला आपणहून सांगावं.

खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी मोठ्या साखळ्यांना मेन्यूवर उष्मांक छापायला लावले. छोट्या दुकानाला अशा नियमाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक पदार्थापुढे एका ओळीत लिहावं: रस्सा कशाचा, मासा, कोळंबी, अंडं आहे का, लसूण आहे का, मूळ पदार्थात काय होतं आणि इथे काय बदललं. आत दोन वेगळी पातेली, दोन वेगळ्या पळ्या असाव्यात. काँबू महाग दिसतो, पण हाताएवढ्या तुकड्यात लिटरभर दाशी होते आणि कोरड्या डब्यात तो महिनोन्महिने टिकतो, फक्त पावसाळ्यात सुरतच्या दमट हवेपासून जपावा लागतो. किमची बाटलीतली न आणता दुकानातच घालावी, लसणाची एक आणि बिनलसणाची एक, आणि बरणीवर घातल्याची तारीख लिहावी. उन्हाळ्यात ती दिवस-दीड दिवसात आंबू लागते, मग लगेच फ्रीजमध्ये हलवायची. थंडीत, पोंक म्हणजे हुरडा खायच्या दिवसांत, तिला बाहेर आणखी दोन-तीन दिवस द्यावे लागतात.